तमिळमधला पहिला भाग, हिंदीतला दुसरा

पिक्चरचा दुसरा भाग आला आणि आमच्या घरात दोन तट पडले. घर म्हणजे मोबाईलवरचं घर. खऱ्या घरात मी एकटीच असते.

आमच्याकडे यात नवल वाटण्यासारखं काही नाही. विटा आणि कडेगावच्या मधल्या गावांतली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सराफांकडचं मोडीचं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, असा तो धंदा. त्यासाठी माणसं पार दुसऱ्या टोकाच्या शहरांत जाऊन राहतात. तिकडे कमावतात आणि इकडे बंगले बांधतात. आमचाही बंगला तीन मजली आहे. जिन्याला चकचकीत फरशी आहे, वर गच्चीत कारंजं आहे, ते वास्तुशांतीच्या दिवशी एकदा चालवलं होतं. मी स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली खोली एवढंच वापरते. बाकीच्या खोल्या अधूनमधून झाडून घेते. तिथे चपलांचा आवाज फार घुमतो, म्हणून अनवाणी जाते.

आमचे मालक मदुराईला. मुलगा आणि सून पाटण्याला. धाकटे दीर आणि जाऊ केरळात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, सांगलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. एवढी सगळी माणसं एकत्र येतात ती गावच्या जत्रेला, नाहीतर मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये. ग्रुपमध्ये सगळे बोलून पाठवतात, लिहीत कुणी नाही. मी जेवायला बसले की फोन ताटाशेजारी ठेवते आणि एकेक आवाज लावते. घर भरल्यासारखं वाटतं. भाकरी संपेपर्यंत आवाज पुरवून पुरवून ऐकते.

त्या आठवड्यात सगळे त्या पिक्चरवरच बोलत होते.

मुलगा म्हणाला, "पयल्यापेक्षा दसपट भारी हाय! आमी दोघं सुन्न होऊन बसलो व्हतो."

दीर म्हणाले, "कशाचं भारी रं? पयल्यात ते जनावर दिसतच न्हवतं, नुसता आवाज यायचा. म्हणून भ्या वाटायचं. ह्यात सगळं उघडं करून दावलंय. तळायच्या बांगड्या माशासारखं दिसतंय ते. दोन मिनिटं बघितलं आन् मला भूकच लागली."

सून म्हणाली, "काका, ते जनावर सोडा हो. शेवट बघा ना शेवट."

त्यावर जाऊबाई ओरडल्या, "आगं बाई, शेवट सांगू नगंस! मी अजून जायाची हाय." मग दोन दिवसांनी त्याच म्हणाल्या, "भुताचा पिक्चर म्हणून नेलं आन् निस्तं रडवलं. रडायचंच आसंल तर घरात मालिका काय थोड्या हायत्या व्हय?"

सांगलीहून पुतणीचं आलं, "ज्यांना दुसरा आवडला नाही, त्यांना पहिला समजलाच नव्हता."

"आली मोठी शानी," दीर म्हणाले. "तू रगात तपासतीस का पिक्चर तपासतीस गं?"

आमच्या मालकांनी एकदाच तोंड उघडलं. "बेकार हाय. कुणी जाऊ नका."

मला कुणी विचारलं नाही. राग नाही आला. मी ग्रुपमध्ये कधी बोलतच नाही. बटण दाबून धरते आणि न बोलताच सोडते. पण मालकांचं ते "बेकार हाय" मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं, कारण दुसऱ्या भागाची वाट आमच्या घरात सगळ्यात जास्त मी बघितली होती.

पहिला भाग आम्ही दोघांनी मदुराईत बघितला होता. त्या वर्षी सासूबाईंना थोडं बरं होतं आणि जाऊबाई गावी आल्या होत्या, म्हणून मला थोडे दिवस तिकडे जायला मिळालं. दुकानाच्या वर एक खोली. खाली भट्टी, त्यामुळे खोलीची फरशी हिवाळ्यातसुद्धा कोमट. मालक दिवसभर खाली, मी वर. खिडकीतून गल्ली दिसायची, गल्लीतलं एक अक्षर वाचता यायचं नाही. चौथीपर्यंत शिकलेलं तिथे काही कामाचं नव्हतं, आणि पंधरावीपर्यंत शिकले असते तरी तेच झालं असतं. एका रविवारी ते म्हणाले, "चल, तुला पिक्चर दावतो."

पिक्चर इंग्रजी, पण तिथे तमिळमध्ये केलेला. मला दोन्ही सारखेच. एका लांबच्या ग्रहावर माणसं राहायला गेलेली असतात, पाण्याखाली, काचेच्या घरांत. तिथलं पाणीच जिवंत असतं, दीर जनावर म्हणतात ते हेच. ते माणसाला गिळतं आणि मग त्याच माणसाच्या आवाजात बाकीच्यांना हाका मारतं. एक बाई असते, यंत्रं सांभाळणारी, आणि तिची लहान मुलगी. एवढं मला चित्रं बघून समजलं. बाकीचं मालकांनी सांगितलं. ते माझ्याकडे वाकून, कानाशी तोंड आणून, हळू आवाजात सांगत होते. त्यांच्या अंगाला भट्टीचा वास होता, केसांना खोबरेल होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कानाशी इतका वेळ ते कधी बोलले नव्हते. आमच्यात बोलणं म्हणजे पाणी आलं का, ऊस कसा आहे, आईनं औषध घेतलं का.

शेवटी काय झालं, तर ती बाई यानात येते आणि दाराच्या बाहेरून मुलगी हाका मारते. दार वाजवते. बाई दाराच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहते, आणि मग दांडा खाली ओढून दार पक्कं करते. यान वर निघून जातं. मी पदर तोंडात धरला होता. "आवं, पोरगी भायेर ऱ्हायली का? जगली न्हवं ती?" मी विचारत राहिले. मागच्या रांगेतला माणूस तमिळमध्ये काहीतरी खेकसला. मालक म्हणाले, "जगली, जगली. भायेर हाय ती पोरगी न्हवं. ते पाणी हाय, पोरीचा आवाज काढतंय. पोरगी आत निजलीया."

मग मला बरं वाटलं. बाहेर येऊन त्यांनी मला दुधातलं एक गार सरबत घेऊन दिलं. गल्लीत शिरताना म्हणाले, "दुसरा भाग येणार हाय म्हणं. आला की बोलवून घेतो तुला."

त्यानंतर सासूबाई पडल्या. अंथरुणातच होत्या. कुणीतरी घरी राहायचं असतं, आमच्याकडे ते थोरल्या सुनेनं राहायचं असतं, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं मी सगळं केलं. त्या गेल्या, वर्षश्राद्धही झालं. सगळे आले, जेवले, आणि आपापल्या गाड्यांनी परत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की आता मी इथे कुणासाठी थांबले आहे? मालक बॅग भरत होते. मी त्यांच्या घड्या घालून दिलेल्या कपड्यांकडे बघत उभी होते. ते काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही. मग मनाशी ठरवलं, की पिक्चर आला की बोलावतील. हे ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण दुसरं धरून ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आणि पिक्चर आला. ते एकटे जाऊन बघून आले.

रोजच्या संध्याकाळच्या फोनवर मी जीव गोळा करून म्हटलं, "तुमी म्हणला व्हता, दुसरा भाग आला की..."

"बेकार हाय गं. एवढ्या लांबनं कशाला येतीस त्याच्यासाठी? जेवलीस का?"

"व्हय."

"उसाला पाणी?"

"दिलंय."

"बरं. ठेवतो."

त्यांना मी तिकडे नको आहे, असं मला वाटलं. माणूस एकटा राहिला की त्याला त्याची सवय होते. दुसऱ्याची भांडी, दुसऱ्याचं अंथरूण, याची अडचण होत असेल. मी त्यांना दोष दिला नाही. पण ताटाशेजारी फोन ठेवून आवाज लावणं मात्र पुढचे काही दिवस मी बंद केलं.

मग पुतणीचा फोन आला. "काकी, तुम्ही एकट्याच आहात ना? या इकडे दोन दिवस. पिक्चर बघू. मी दुसऱ्यांदा बघणार आहे."

"मला काय समजतंय त्यातलं," मी म्हटलं.

"हिंदीत आहे. आणि पप्पांना जेवढं समजलं त्यापेक्षा तुम्हाला नक्की जास्त समजेल. पप्पांना मासा दिसला, बास."

मी तासगावमार्गे एसटीनं सांगलीला गेले. थिएटर मोठ्या दुकानांच्या इमारतीत वर होतं. सरकत्या जिन्यावर मी साडी गोळा करून धरली, पुतणीनं दंड धरला. आत गार होतं. खुर्ची इतकी मोठी की शेजारची व्यक्ती लांब वाटत होती. सुरुवातीला मी कान डावीकडे झुकवून बसले होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की सांगायला कुणी नाही आणि सांगायची गरजही नाही. हिंदी मला सरळ समजत होतं.

ती बाई आता म्हातारी झालेली असते. केस पांढरे. एका खोलीत एकटी राहते. कुणीतरी अधिकारी येऊन तिला विचारतो, तुम्ही तिथे परत का जाताय? ती म्हणते, मी माझ्या मुलीला दाराबाहेर ठेवून आले. मला माहीत होतं ती माझीच मुलगी आहे. यानात आणखी माणसं होती. मी दार बंद केलं.

मी पुतणीचा हात धरला. "आगं, पोरगी तर आत निजली व्हती की!"

"कुठे आत?"

"यानात. भायेर व्हतं ते पाणी व्हतं."

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. पुढचा एकजण वळून बघून गेला. "काकी, तुम्ही पहिला भाग बघितलाय ना?"

"बघितलाय. तुझ्या काकांनी सांगितला सगळा."

मध्यंतरात तिनं मला समजावून सांगितलं. पहिल्या भागातच ते स्पष्ट होतं. ती बाई तोंडानं बोलते, की ही माझीच मुलगी आहे, आणि मग दार बंद करते. पहिला भाग गाजला तोच त्यामुळे. आता सगळे भांडत आहेत तेही त्यावरूनच, की अशा बाईला परत पाठवायची गरज होती का. सगळ्यांना माहीत होतं. दिरांना, जावेला, पाटण्याला. माझ्याच एकटीच्या पिक्चरमध्ये ती मुलगी पांघरूण घेऊन यानात झोपली होती.

"काका पण ना!" पुतणी हसायला लागली. मग माझा चेहरा बघून थांबली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं असेल."

"व्हय," मी म्हटलं.

पण मी दुसरंच आठवत होते. मागचा माणूस खेकसला होता. मी एकसारखी विचारत होते. कदाचित त्यांनी मला गप्प बसवायला सांगितलं असेल. लहान पोराला सांगतात तसं. त्या कानाशी बोललेल्या आवाजावर मी इतकी वर्षं काढली होती. तो माझ्यासाठी होता की मागच्या माणसासाठी, ते मला कधी समजणार नव्हतं.

मध्यंतरानंतर ती बाई पाण्याखाली जाते. पाण्याला माशासारखा आकार येतो. सगळीकडून आवाज येतात, मेलेल्या माणसांचे. थिएटरातली मुलं ओरडत होती. मी भ्याले नाही. भ्यायला शेजारी आपलं माणूस लागतं की काय कोण जाणे. शेवटी ती त्याच दारापाशी पोचते आणि दार उघडते. मुलगी तिथे असते, मोठी झालेली, जिवंत. बाई हात पुढे करते. मुलगी हात धरत नाही. म्हणते, मला इथली सवय झाली आहे. तू जा. बाई दार उघडं ठेवून तिथेच बसते, आणि पडदा काळा होतो.

बाहेर पडताना सगळे एकदम बोलत होते. कॉलेजची पोरं म्हणत होती, "फसवलं राव. भूत कुठाय? भूत म्हणून पोस्टर लावलंय आन् दावलंय काय, तर आई आन् लेक." एक नवरा बायकोला म्हणत होता, "एवढ्या लांब गेली तर ओढून आणायची की पोरीला." बायको म्हणाली, "तुमी बसा ओढत. मला तर लय आवडला." पुतणीनं विचारलं, "काकी, तुम्हाला?" मी म्हटलं, "सांगते मग."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं घरी आले. कुलूप काढलं, तुळशीला पाणी घातलं, कणीक भिजवली. दिवा लावायच्या वेळेला फोन आला.

"जेवलीस?"

"न्हाई अजून. मी पिक्चर बघून आले."

त्यांच्यामागे भट्टीच्या पंख्याची घरघर येत होती.

"हिंदीत?" त्यांनी विचारलं.

"हिंदीत. सांगलीला. पोरगी भायेरच व्हती."

"व्हय," ते म्हणाले.

"मला का सांगितलं न्हाई?"

"तू पदर तोंडात घालून बसली व्हतीस. मागचा वरडत व्हता. काय सांगायचं? म्हणलं, जगली." थोडं थांबून म्हणाले, "आन् मग तू हसलीस. सरबत पेलीस. म्हणलं, जाऊ दे."

एवढंच उत्तर होतं. माझ्यासाठी आणि मागच्या माणसासाठी, दोघांसाठी मिळून एकच. मी ते घेतलं.

"म्हणून मला बोलावलं न्हाई व्हय?"

"तू आली असतीस तर मला पुन्हा काय तरी सांगाय लागलं असतं. सगळा पिक्चर बदलून सांगाय लागला असता. मला कुठलं जमतंय." मग म्हणाले, "मीबी पुरा बघितला न्हाई. मधल्या सुट्टीत उठून आलो. जीव रमंना."

"मग बेकार हाय म्हणून सगळ्यांना का सांगितलं?"

"अर्धा बेकारच व्हता की." आणि जरा वेळानं, "शेवटाला काय हुतं? दार उघडती का ती?"

मग मी सांगितलं. चुलीसमोर पाटावर बसून, फोन कानाला लावून, जिथून ते उठून गेले तिथून सगळं. ती पाण्यात कशी उतरते, कुणाकुणाचे आवाज येतात, काचा कशा तडकतात. मी इतकं कधी बोलले नव्हते. ते "हं, हं" करत होते. मध्ये कुणीतरी त्यांना दुकानातून हाक मारली, त्यांनी मराठीतच "थांब की जरा" म्हणून सांगितलं आणि मग तमिळमध्ये सांगितलं. दार उघडण्यापर्यंत मी आले आणि थांबले. मुलगी हात धरते आणि दोघी वर येतात, असं सांगता आलं असतं. त्यांना ते आवडलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं.

"पोरगी येत न्हाई," मी म्हटलं. "सवय झालीया म्हणती हितली."

"खरं सांगतीस न्हवं?"

"खरं सांगते."

"मग आई?"

"दार उघडं ठिवून बसती."

ते म्हणाले, "बेकारच हाय मग."

"न्हाई," मी म्हटलं. "चांगला हाय. मला आवडला."

त्यांच्या म्हणण्याच्या उलट मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. ते हसले का खोकले, समजलं नाही. "भट्टी थंड झाली बघ बोलता बोलता," म्हणाले, आणि फोन ठेवला.

ये म्हणाले नाहीत. येऊ नकोस असंही म्हणाले नाहीत. मी जेवून घेतलं. ताटाशेजारी फोन ठेवला नव्हता. जेवताना मला ती मुलगी आठवत राहिली. तिच्यावर सगळे चिडले आहेत, कसली पोरगी, आई एवढ्या लांबून आली आणि ही येत नाही. मला ती समजते. वरच्या मजल्यावर मी अनवाणी जाते, हे कुणी शिकवलं मला? आपल्याच घरात आपला आवाज येऊ नये म्हणून मी चपला काढून ठेवते आणि त्याचं मला काही वाटेनासं झालं आहे. अजून काही वर्षं गेली आणि त्यांनी बोलावलं, तर मीही असंच म्हणेन. तुमी जावा. मला हितली सवय झाली.

सकाळी मी पुतणीला फोन केला. मिरजेहून मदुराईला कशा गाड्या आहेत, बघ म्हटलं. ऊस तुटून गेला की निघायचं आहे.

"काकी! काकांनी बोलावलं?"

"न्हाई."

"मग विचारलंत त्यांना?"

"विचारणार न्हाई. सांगणार हाय."

"काय म्हणतील ते?"

मला माहीत नाही, म्हटलं. तिनं तिकीट कधीचं काढू विचारलं आणि मी परत यायचंही काढ म्हणाले नाही, हे तिच्या लक्षात आलं असावं. संध्याकाळ व्हायला, त्यांचा फोन यायला अजून वेळ आहे. काय बोलायचं ते मी मनात म्हणून बघते आहे. "मी येते" एवढंच आहे, पण अजून मोठ्यानं म्हणून बघितलेलं नाही.